हाड वाढलंय, एवढंच सांगून पाठवू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी काळाचौकीत गेली अडतीस वर्षं शिवणकाम करतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात युनिफॉर्मची घाई असते, दुकानात उभं राहायला जागा नसते. त्या गर्दीत एक बाई आठवीतल्या मुलाला घेऊन आल्या. फुल पँटचं माप घेताना माझा हात गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला अडला. सुपारीएवढं काहीतरी, हाडासारखं टणक, दाबलं तरी न हलणारं. मी विचारलं, "ताई, हे काय?" त्या म्हणाल्या, "काही नाही हो, हाड वाढलंय. डॉक्टरांनी एक्स-रे काढला होता, म्हणाले घाबरायचं कारण नाही." एक्स-रे कुठे आहे विचारलं तर, "तो तिथेच राहिला." मी कात्री खाली ठेवली आणि मागे रांग असतानाही त्यांना स्टुलावर बसवून घेतलं. त्यांना जे सांगितलं तेच आपल्या वाचकांना सांगावं म्हणून हे पत्र.

त्या डॉक्टरांचं चुकलं नव्हतं, हे आधीच सांगतो. मुलांच्या हाडावर अशी गाठ येते, तिला ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणतात. हाडाच्या साध्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी हीच. हाडाच्या टोकाजवळ वाढीची कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग, असतो, तिचा एखादा कण आडवाटेला लागतो आणि बाजूला हाडाचा फुगवटा तयार होतो. त्याच्या डोक्यावर कूर्चेची टोपी असते आणि त्या टोपीमुळेच तो वाढतो. मूल वाढतं तोवर तोही वाढतो, मुलाची वाढ थांबली की थांबतो. बहुतेकांना आयुष्यभर त्याचा काही त्रास होत नाही, कित्येकांना तो आहे हेही माहीत नसतं. तेव्हा "घाबरायचं कारण नाही" हे वाक्य खरं आहे. पण ते अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्या वाक्यापायी माझ्या धाकट्या भावाला आपला अर्धा खवाटा द्यावा लागला.

आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांजवळ, मनगटाजवळ आणि एका फासळीवर अशा गाठी होत्या. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत धनुष्यासारखा वाकलेला. उंचीही बेताची. आम्ही लहानपणी त्या गाठी मोजायचो आणि ते मोजू द्यायचे. "आपल्या घराण्याचं हाडच असं आहे," म्हणायचे. गावाला, संगमेश्वरकडे, त्यांच्या आत्यालाही तसंच होतं. याला आजार म्हणायचं असतं हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मला त्यातलं काही आलं नाही. माझ्या भावाला आलं. आता कळतं की हा प्रकार आनुवंशिक आहे, ईएक्सटी-१ किंवा ईएक्सटी-२ या जनुकातल्या बिघाडामुळे होतो, आणि आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. आमच्या घरात हिशेब अगदी बरोबर लागला, दोघांतला एक.

भाऊ चौदा वर्षांचा असताना, १९९१ साली, वडिलांनी त्याला एका मोठ्या रुग्णालयात नेलं. उजव्या खवाट्यावर, पाठीच्या बाजूला, लिंबाएवढी गाठ आली होती आणि वर्गातली मुलं चिडवायची. एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले, वाढ थांबली की हेही थांबेल, आता हात लावायची गरज नाही. वडील आनंदाने त्याला घेऊन आले, येताना लालबागला दोघांनी भजी खाल्ली. डॉक्टरांचं म्हणणं खरंही ठरलं. अठराव्या वर्षी गाठ थांबली. पण "थांबल्यानंतर ही पुन्हा वाढायला लागली, किंवा दुखायला लागली, तर त्याच आठवड्यात या" हे त्या दिवशी कोणी बोललं नाही. कागदावर तर नाहीच. केसपेपरवर इंग्रजीत दोन शब्द होते, ते आमच्यापैकी कोणाला वाचता आले नाहीत.

आता माझ्या वहीबद्दल सांगावं लागेल.

शिंप्याकडे मापाची वही असते. माझ्याकडे लाल कापडी बांधणीच्या आहेत, पहिलीपासून सगळ्या जपलेल्या. साधारण गिऱ्हाइकाचा खांदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच मोजतात. भावाचा मला दोनदा मोजावा लागायचा. मानेच्या मणक्यापासून उजव्या खांद्याच्या टोकापर्यंत, टेप गाठीवरून नेऊन, आणि मग मणक्यापासून डाव्या टोकापर्यंत. नाहीतर शर्टाचा योक, म्हणजे खांद्यावरची पट्टी, उजवीकडे ओढला जायचा. त्याच्या पानावर १९९९ साली लिहिलंय, उजवा नऊ इंच, डावा साडेआठ. २००४ ला त्याच्या लग्नाचा कोट शिवला, उजवा नऊ, डावा साडेआठ. २०११ ला तेच. २०१६ च्या दिवाळीला उजवा सव्वानऊ. २०१७ च्या गणपतीत पावणेदहा. २०१८ च्या एप्रिलमध्ये सव्वादहा. डावा प्रत्येक वेळी साडेआठ, सुताचाही फरक नाही. आणि त्या एप्रिलच्या ओळीपुढे माझ्याच अक्षरात, "पाठीत सैल ठेवणे, प्लेट जास्त".

संपादक महोदय, हे वाक्य मी लिहिलंय. माझ्या भावाची गाठ चाळिशीत वाढत होती, मी स्वतःच्या हाताने ती मोजत होतो, आणि मी काय केलं, तर शर्ट सैल केला. गाठ दिसणार नाही असा बेतला. शर्ट छान बसला म्हणून दोघंही खूश झालो. मला कोणी सांगितलं असतं की मोठ्या माणसाची अशी गाठ वाढणं ही धोक्याची खूण आहे, तर दीड वर्ष आधी मी त्याला हाताला धरून नेलं असतं. हे मनातून जात नाही.

भाऊ पोस्टमन आहे. दुखायला लागलं तेव्हा त्याला वाटलं टपालाच्या पिशवीने दुखतंय. पिशवी डाव्या खांद्यावर घेतली, तरी दुखतच राहिलं. मग रात्री दुखायला लागलं, उजव्या कुशीवर झोपता येईना. शेजारच्यांनी सुचवलं म्हणून दोन महिने मालिश करणाऱ्याकडे तेलात गेले. पुढचे सहा महिने एका डॉक्टरांच्या गोळ्यांवर. ते दर वेळी म्हणायचे, "जुनंच हाड आहे ना? मग काळजी नको." जुनं आहे म्हणून काळजी नको, हा समज मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकला. खरं तर गाठ जुनी असून आता बदलते आहे, हीच मोठी गोष्ट. दुखण्याची दुसरी कारणंही असतात हे मला माहीत आहे. गाठीवर घासून पाण्याची पिशवी तयार होते, शेजारची नस दाबली जाते, कधी गाठीचा देठ मोडतो. पण ते त्या कारणाने दुखतंय की दुसऱ्या, हे बघितल्याशिवाय कसं कळणार? त्या आठ महिन्यांत एकाही डॉक्टरांनी शर्ट काढून पाठ बघितली नाही.

मग एका नर्सिंग होममधल्या सर्जननी सांगितलं, "तेवढा भाग सुन्न करून काढून टाकू, अर्ध्या तासाचं काम." एमआरआय नाही, काही नाही. तारीखसुद्धा ठरली होती. ती चुकवली केईएमच्या एका सिस्टरनी. त्यांच्या यजमानांचे शर्ट माझ्याकडे असतात. ट्रायलला आल्या होत्या, मी बोलता बोलता सांगितलं, तर त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, "मास्तर, हाडाच्या गाठीला आधी चाकू लावायचा नाही. आधी टाटाला दाखवा. उद्याच." मी त्यांचे उपकार या जन्मी फेडू शकत नाही.

परळच्या टाटा हॉस्पिटलबद्दल मुंबईकरांना नव्याने सांगायला नको. १९४१ पासून ते तिथे उभं आहे, देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात, बाहेरच्या फुटपाथवर चटया टाकून राहतात, ज्यांना जागा मिळते ते दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. आम्ही काळाचौकीतून चालत पंचवीस मिनिटांत पोचायचो. इतक्या जवळ राहून आम्ही आठ महिने लांब राहिलो.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाठ कधीपासून आहे?" भाऊ म्हणाला, लहानपणापासून. दुसरा प्रश्न, "मोठेपणी वाढली का? किती वर्षांत किती?" याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. स्वतःची पाठ स्वतःला कुठे दिसते? तिसरा प्रश्न, "जुना एक्स-रे?" तोही नव्हता. १९९१ ची ती फिल्म आमच्याकडे होती, पण भाऊ तेव्हा कुर्ल्याला राहायचा आणि २६ जुलै २००५ ला मिठी नदी घरात शिरली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. खाटेखालची लोखंडी पेटी दोन दिवस पाण्यात होती. त्यातून फिल्म निघाली ती दोन्ही बाजूंनी पांढरी, कोणाच्या हाडाची हेही ओळखू येईना. मूळ रुग्णालयात चौकशी केली, तिथलं दप्तर कधीच निकाली काढलेलं.

तेव्हा मला वह्यांची आठवण झाली. पुढच्या खेपेला त्याची मापं असलेल्या तिन्ही वह्या कापडी पिशवीत घालून घेऊन गेलो. देताना लाज वाटत होती, एवढ्या मोठ्या इस्पितळात शिंप्याची वही काय दाखवायची. डॉक्टरबाईंनी त्या टेबलावर उघडल्या, मापं कशी घेतली ते विचारलं, भावाला पाठमोरा बसवून माझ्याकडून टेपने पुन्हा घेऊन दाखवायला लावलं. सव्वादहाच्या वर गेलं होतं. मग त्यांनी साल आणि आकडे एकाखाली एक केसपेपरवर उतरून घेतले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "वीस वर्षं थांबली होती आणि आता दोन वर्षांत सव्वा इंच. मला हेच हवं होतं."

एमआरआयमध्ये कूर्चेची टोपी साडेतीन सेंटिमीटर जाड निघाली. मोठ्या माणसात ती काही मिलिमीटरची असते, कधीकधी शिल्लकही राहत नाही. दोन सेंटिमीटरच्या वर गेली तर संशय घ्यायचाच. ही टोपी साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही, कारण एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा नाही. म्हणून "एक्स-रेत जुनंच हाड दिसतंय" एवढ्यावर विसंबून चालत नाही.

सुईने तुकडा काढायचा ठरलं तेव्हा घरात रडारड झाली. आपल्याकडे समज पक्का आहे, सुई लावली की गाठ खवळते. मी तेच डॉक्टरांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या धंद्यामुळे लगेच कळलं. पुढे ऑपरेशनला ज्या रेषेवर काप घ्यायचा असतो, सुई त्याच रेषेवर टोचायची, म्हणजे सुईची वाटसुद्धा शेवटी गाठीबरोबर काढून टाकता येते. कापड बेतताना टाचणी शिवणीच्या दाबातच लावतात, उघड्यावर लावली तर भोक राहून जातं, तसंच. भलत्याने भलतीकडे सुई किंवा चाकू लावला तर गाठीच्या पेशी त्या वाटेवर सांडतात आणि पुढचं ऑपरेशन दुप्पट मोठं होऊन बसतं. म्हणून जे डॉक्टर शेवटचं ऑपरेशन करणार, त्यांच्याच देखरेखीखाली सुई लागावी. ही गोष्ट मला प्रत्येक नर्सिंग होमच्या दारावर लावावीशी वाटते.

रिपोर्ट आला. कॉन्ड्रोसार्कोमा, पहिल्या श्रेणीचा. म्हणजे कूर्चेचा कॅन्सर, सावकाश वाढणारा. या जातीवर केमोथेरपीचा उपयोग जवळजवळ होत नाही, शेक, म्हणजे रेडिएशन, देऊनही फारसं भागत नाही. उपाय एकच, गाठ न उघडता, भोवतालच्या चांगल्या मांसाच्या आवरणासकट अख्खी बाहेर काढणं. सुन्न करून अर्ध्या तासात कुरतडून काढली असती तर काय झालं असतं, हे मी त्या दिवशी जिन्यावर बसून विचार केला. जानेवारी २०१९ मध्ये ऑपरेशन झालं, गाठीसोबत खवाट्याचा खालचा भाग गेला. सांधा वाचला. भावाचा हात आता खांद्याच्या थोडा वर जातो, त्यापुढे नाही. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. पिशवी सुटली, त्याला काउंटरवर बसवलंय. ठरलेल्या तारखांना तपासणी असते, छातीचाही फोटो काढतात, कारण हा आजार परतला तर फुप्फुसात जाऊ शकतो, आणि दहा वर्षांनीही परतू शकतो. आतापर्यंत सगळं ठीक आहे.

त्या वऱ्हांड्यात बसून इतरांचं जे ऐकलं तेही सांगतो, कारण गाठ म्हणजे एकच जात नाही. कोल्हापूरकडचे एक गृहस्थ होते, कमरेच्या हाडावरची गाठ गावाकडे दोनदा काढलेली, दोन्ही वेळा तुकड्यातुकड्यांनी, आणि पहिल्या वेळचा तुकडा तपासायलाच पाठवलेला नाही. माणसाच्या शरीरातून गाठ काढायची आणि ती काय होती हे बघायचंही नाही, याला काय म्हणावं मला कळत नाही. कमरेच्या आणि खांद्याच्या हाडावरच्या गाठींवर जास्त लक्ष ठेवावं लागतं, हे त्यांच्याच डॉक्टरांकडून कळलं.

लातूरकडची एक आई होती, मुलगी सोळा वर्षांची. बोटांवर गोट्यांसारख्या गाठी, एक पाय आखूड. तिच्या गाठी हाडाच्या आत होत्या. तशी एखादीच गाठ हाताच्या बोटात असेल तर ती बिघडणं फार क्वचित, बोट मोडलं की मगच बहुधा कळते. पण या मुलीला होता तसा, अनेक हाडांत गाठी असलेला ऑलिये नावाचा आजार वेगळा. त्यात साधारण चौघांमागे एकाला, कधी त्याहून जास्त जणांना, पुढे कॅन्सर होतो. त्यासोबत कातडीखाली निळसर रक्ताच्या गाठी असतील तर त्याला माफुची म्हणतात, आणि त्यात धोका आणखी वाढतो. हा आजार आमच्यासारखा बापाकडून मुलाकडे जात नाही. त्या आईला सासरकडून ऐकवलं जात होतं की हे तुझ्या माहेरचं. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितल्यावर ती जी रडली, ते मी विसरणार नाही.

गुडघ्याजवळ जायंट सेल ट्यूमर झालेला एक तरुण रिक्षावालाही होता. ती गाठ साधीच धरतात, पण हाड पोखरते, काढली तरी परत येते आणि फार थोड्यांत पुढे घातक होते.

आता आकड्यांचं. हे वाचून कोणी घाबरू नये, म्हणून जे मला सांगितलं गेलं ते तसंच सांगतो. एकच ऑस्टिओकॉन्ड्रोमा असलेल्या शंभरांत जेमतेम एकाची गाठ बिघडते. घराण्यातून आलेल्या अनेक गाठींच्या प्रकारात शंभरांत एक ते पाच. म्हणजे आमच्यासारख्या घरातसुद्धा शंभरातले निदान पंचाण्णव जण सुखरूप म्हातारे होतात. आमचे वडील एकाहत्तराव्या वर्षी गेले, त्या गाठींनी नाही. म्हणून सगळ्यांच्या गाठी काढत सुटा असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. ज्यांना त्या आहेत त्यांना काय बघत राहायचं एवढं कळलं पाहिजे. वाढीचं वय संपल्यावर गाठ मोठी होणं. आधी न दुखणारी दुखू लागणं, विशेषतः रात्री. शर्ट, ब्लाउज, पँट एकाच बाजूने घट्ट होणं, हे माझ्या धंद्यातलं म्हणून मी भर घालतो. मुलं वाढत असताना गाठ वाढली तर तो नेम आहे. विशी-पंचविशीनंतर वाढली तर नाही.

आता मागणी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत डॉक्टरांनी दाखल रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं सांभाळावीत असं आहे, आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यावीत असंही आहे. हा दुसरा नियम लोकांना माहीतच नसतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. पण तीन वर्षं! चौदाव्या वर्षी दिसलेली गाठ चाळिशीत फिरते, मध्ये सव्वीस वर्षं जातात. आणि माझा भाऊ दाखल कुठे झाला होता? तो ओपीडीतून घरी आला. म्हणजे त्याच्या एक्स-रेला ती तीन वर्षंही नाहीत. हाडाची गाठ निघाली की तिचा एक्स-रे आणि रिपोर्ट रुग्णाच्या हातात द्यायलाच हवा, मागितला नाही तरी. आता फिल्म कमी झाल्या, कॉम्प्युटरवर असतं, फोनवर पाठवतात. फोन बदलला की गेलं. सरकारने २०२१ पासून चौदा आकडी आभा क्रमांक सुरू केलाय, त्यात रिपोर्ट ठेवता येतात म्हणतात. मग हाडाच्या गाठीचं पहिलं चित्र त्यात घालूनच रुग्णाला घरी पाठवण्याचा दंडक महापालिकेने आपल्या रुग्णालयांपुरता तरी घालावा. पुढे वीस वर्षांनी डॉक्टर विचारतील तेव्हा शिंप्याची वही शोधावी लागू नये.

आणि मराठीत एक चिठ्ठी. चार ओळींची. गाठीचं नाव, कुठल्या हाडावर आहे, आज केवढी आहे, आणि काय झालं तर परत यायचं. लसीकरणाचं कार्ड आपण बाळाच्या आईला देतोच ना, ते घरोघर देवघराच्या खणात जपलेलं असतं. हीही जपली जाईल.

एक गोष्ट आमच्या लोकांसाठी. गाठी लपवू नका. माझ्या पुतणीला, भावाच्या मुलीला, गुडघ्यांवर आणि मनगटावर त्या आहेत. तिची आई सुरुवातीला कोणाला बोलू देईना, उद्या स्थळं कशी येतील म्हणून. मुलींच्या बाबतीत हे घरोघरी चालतं आणि त्यापायी तपासण्या टळतात. पुतणी आता एकोणीस वर्षांची आहे. तिची वाढ थांबल्यावर टाटाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सगळ्या गाठींचे फोटो काढून ठेवलेत, पुढे तुलना करायला. पत्राखाली नाव छापू नये अशी विनंती करतो आहे ती तिच्या सांगण्यावरून. "काका, सांगायचं तेव्हा मी माझ्या तोंडाने सांगेन," असं म्हणाली. ते मला पटलं.

त्या आठवीतल्या मुलाचं सांगायचं राहिलं. त्याची आई परवा युनिफॉर्म न्यायला आल्या तेव्हा काखेत मोठं पिवळं पाकीट होतं. दवाखान्यात दोन खेपा मारून एक्स-रे मिळवला होता. फक्त तीच एक गाठ आहे, घरात दुसऱ्या कोणाला नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं. पाकिटावर मी त्यांच्या सांगण्यावरून मुलाचं नाव, तारीख आणि "उजवा गुडघा, आतली बाजू" असं मार्करने लिहिलं. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड शिलाई मशीनवर शिवून दिलं, पावसाळा आलाय म्हणून. वहीत त्याच्या पानावर गुडघ्याच्या वरचा घेर लिहून ठेवलाय, उजवा साडेचौदा, डावा चौदा.

आपला,
एक शिंपी
काळाचौकी, मुंबई